ओवेनला 'वाया गेलेला' म्हणणाऱ्यांसाठी

रात्रपाळी_स्ट्रायकर:
कालच्या धाग्यावर इंग्लंडच्या जुन्या फुटबॉल स्ट्रायकरबद्दल एका विद्वानांनी लिहिलं, "मायकेल ओवेन बाविशीत संपला, पुढे नुसता पगार घेतला." तिथे उत्तर मावेना, म्हणून हा धागा.
अठराव्या वर्षी वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाला मारलेला तो गोल सोडा. लिव्हरपूलकडून खेळलेली २००१ ची एफए कप (इंग्लंडमधली बाद फेरीची स्पर्धा) फायनल घ्या. ८३व्या मिनिटापर्यंत आर्सेनल पुढे, पठ्ठ्याने दोन मारून कप काढून नेला. त्याच वर्षी म्युनिकमध्ये जर्मनीला हॅटट्रिक आणि वर्षअखेर बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, जो त्यानंतर एकाही इंग्रजाला मिळालेला नाही. देशासाठी ८९ सामन्यांत ४० गोल.
एप्रिल १९९९ मध्ये लीड्सविरुद्ध हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) फाटली तेव्हा पोरगा १९ चा होता. तो स्वतः सांगतो, त्यानंतर एका पायात तीन हॅमस्ट्रिंग अन् दुसऱ्यात दोनच. तुम्ही धावून दाखवा.

टाईनकाठचा:
तो विद्वान मीच. आमच्या न्यूकॅसल क्लबने २००५ साली आपली तोवरची सर्वात मोठी रक्कम ओतून त्याला आणला. चार हंगामांत लीगचे २६ गोल. २००९ ला आम्ही घसरून खालच्या श्रेणीत, साहेब फुकटात मँचेस्टर युनायटेडला. पगारच की नाही?

रात्रपाळी_स्ट्रायकर:
२००६ ला स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटाला गुडघा गेला, तो इंग्लंडसाठी खेळताना. त्याने मुद्दाम मोडून घेतला का?

कॉपवाली:
पायाचं सोडा हो. लिव्हरपूलचा पोरगा युनायटेडची ७ नंबरची जर्सी घालतो, वर मँचेस्टर सिटीविरुद्ध ९६व्या मिनिटाला ४-३ करतो! घरात नवरा युनायटेडवाला. त्या रात्री तो नाचला आणि मी जेवले नाही. माझ्यासाठी ओवेन तिथेच मेला.

रंकाळा_विंगर:
ताई, निष्ठेचं आम्हाला सांगू नका. कोल्हापुरात या. आमच्या गल्लीतला एक हाफ दुसऱ्या पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळला, तर शाहू स्टेडियमवर त्याच्या सख्ख्या चुलत्यानं शिव्या घातल्या. लग्नातसुद्धा बोलले नाहीत.

टाईनकाठचा:
म्हणजे चुलत्याचं बरोबर?

रंकाळा_विंगर:
शंभर टक्के. पेठ ती पेठ.

रात्रपाळी_स्ट्रायकर:
त्या हाफला पेठेनं काय दिलं होतं? बूट तरी? निष्ठा नेहमी खेळाडूनेच दाखवायची. गुडघा गेला की क्लब विचारतो का? मी कॉलेजकडून खेळताना घोटा मोडला, सर भेटायलाही आले नाहीत. पुढच्या सामन्याला माझी जर्सी दुसऱ्याच्या अंगावर.

कॉपवाली:
वाईट वाटलं, खरंच. पण ओवेनला आमच्याकडे काय कमी होतं? २००४ ला रेआल माद्रिदला पळाला, तेही आठ मिलियन पौंडांना. मे २००५ ला आम्ही इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीग, म्हणजे अख्खं युरोप जिंकलं. बाकावर बसून बघितलं असेल.

रात्रपाळी_स्ट्रायकर:
रेआलमध्ये पुढे राऊल आणि ब्राझीलचा रोनाल्डो असताना लीगमध्ये १३ मारले. आणि लिव्हरपूलचे १५८ गोल परत मागणार आहात का?

रंकाळा_विंगर:
चुलत्यांना मात्र काही बोलायचं नाही हं.

टाईनकाठचा:
बरं बाबा, 'वाया गेला' मागे घेतो. 'आमचे पैसे वाया घालवले' असं वाचा. खूश?

कॉपवालीचा_नवरा:
जर्मन क्लब वुल्फ्सबर्गविरुद्धची ओवेनची हॅटट्रिक सगळेच विसरले. डिसेंबर २००९, तीही आमच्याच जर्सीत. आज पण कुणीतरी जेवणार नाही बहुतेक.