ॲपवर १.३ मीटर, १५ सेकंद दिसतंय. काशीदला शनिवारी लाट मिळेल का?

नेरुळ_पूर्व
शनिवारी पाच जण सर्फिंगला काशीदला जातोय. सगळे नवखे, दोन फोम बोर्ड भाड्याने घेतलेत. ॲपवर असं आहे: स्वेल (दुरून आलेली लाट) १.३ मीटर, पिरियड (लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ) १५ सेकंद, दिशा २१० अंश. खाली वाऱ्याची लाट ०.४ मीटर, ४ सेकंद. वारा सकाळी सहाला ईशान्येचा ताशी ७ किमी, दुपारी तीनला वायव्येचा २४. एक जण म्हणतो छातीएवढी लाट येणार, दुसरा म्हणतो एप्रिलमध्ये काहीच नसतं. नक्की कुठला आकडा धरायचा? आणि पावसाळ्यात बातम्यांत ‘साडेचार मीटरच्या लाटा’ असतात, त्यापुढे १.३ म्हणजे अगदीच किरकोळ का?

खाडीकाठ_ठाणे
आधी बातमीचं. ते साडेचार मीटर म्हणजे लाट नाहीच, ती भरतीची उंची. भरतीच्या तक्त्यातल्या शून्य पातळीपासून पाणी किती चढणार एवढंच ते सांगतं. समुद्र अगदी शांत असला तरी भरती साडेचार मीटरची असू शकते. दरवर्षी हा घोळ छापून येतो आणि लोक लाटा बघायला कठड्यावर गर्दी करतात. खरा धोका त्या भरतीच्या वर पावसाळी लाट चढते तेव्हा असतो.

आता तुमचा १.३. एकूण लाटांपैकी सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी. म्हणजे बऱ्याच लाटा त्याहून लहान, आणि दोन-तीन तासांत एखादी जवळपास दुप्पट.

पण उंचीआधी पिरियड वाचायचा. वारा किती जोराचा, किती तास टिकला आणि किती लांब उघड्या पाण्यावरून आला, या तिन्हींवर लाट ठरते. वाशीच्या पुलावरून खाडीकडे बघा. ताशी ३५ किमीचा वारा असला तरी त्याला धावायला दोनेक किलोमीटरच पाणी मिळतं, म्हणून वीतभर उंचीची, दोन सेकंदांचीसुद्धा नसलेली लाट उठते. वारा कितीही वेळ वाहिला तरी ती तेवढीच राहते. उलट १५ सेकंदांची लाट घडायला हजार-दोन हजार किलोमीटर वादळी समुद्र लागतो. एप्रिलमध्ये असं पाणी आपल्या आसपास कुठेच नसतं, ती दक्षिण महासागरातून येते.

खोल पाण्यात एका लाटेचा वेग म्हणजे पिरियड गुणिले १.५६, उत्तर मीटर प्रतिसेकंद. लाटांचा जथा मात्र त्याच्या निम्म्या वेगाने सरकतो, कारण पुढच्या लाटा विरत जातात आणि मागे नव्या उठतात. १५ सेकंदांचा जथा ताशी ४२ किमी, म्हणजे दिवसाला साधारण हजार किमी जातो. सात-साडेसात हजार किमी यायला आठवडा लागतो. लांब पिरियडच्या लाटा जास्त वेगवान, त्यामुळे आधी १८ सेकंदांच्या पोचतात, मग १५, मग १३. ॲपवर पिरियड रोज उतरताना दिसला तर तो स्वेल ओसरतोय असं समजा. लाटा एवढ्या लांब टिकतात हे १९६३ साली समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणी केंद्रं लावून दाखवलं.

म्हणून दूरवर वादळ झालं की तुमच्या ॲपवर आकडा आठवडाभर आधी दिसायला लागतो. स्वेल येणार का यावर तेव्हाच विश्वास ठेवायला हरकत नाही. उंची आणि वारा मात्र दोन-तीन दिवस आधीचाच धरा.

सेक्टर१७_वाशी
वरचं सगळं बरोबर, पण तो आकडा किनाऱ्यावर पोचेपर्यंत दोन ठिकाणी घटतो.

पहिली घट दिशेची. २१० म्हणजे दक्षिण-नैर्ऋत्येकडून. काशीदचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे २७०. ६० अंशांचा तिरपेपणा आला. अशी लाट उथळ पाण्यात वळून किनाऱ्याकडे तोंड करते खरी, पण वळताना तिची ताकद लांब पट्ट्यावर पसरते. नुसत्या या वळणानेच उंची सुमारे ०.७ पट होते: १.३ चे ०.९. (अंश नेहमी ‘कुठून’ सांगतात. बऱ्याच ॲपवर बाण मात्र ‘कुठे’ दाखवतो. तिथेच लोक फसतात.)

दुसरी घट तळाची, आणि आपल्याकडे हीच मोठी. लाटेच्या लांबीच्या निम्म्याइतकी खोली आली की ती तळाशी घासायला लागते. १५ सेकंदांची लाट ३५० मीटर लांब, म्हणजे १७५ मीटर खोलीलाच तिला तळ लागतो. मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ सुमारे ३०० किमी रुंद आहे, केरळकडे तो बराच अरुंद होतो. तोच स्वेल तिकडे जोरात आदळतो आणि आपल्याकडे थकून येतो. शिवाय ॲपचे आकडे ज्या जागतिक मॉडेलमधून येतात त्याची चौकट पंचवीसेक किलोमीटरची, त्यात काशीदचा किनारा वेगळा दिसतच नाही. त्यामुळे सपाट नसेल, पण छातीएवढीही नसेल. मांडी ते कमरेएवढी धरा, नवख्यांना ती पुरे. लाट साधारण स्वतःच्या सव्वापट खोलीत फुटते, म्हणजे तुम्ही उभे असाल तिथेच.

हैदराबादच्या इन्कॉइसचा (सरकारी सागरी माहिती केंद्र) समुद्रस्थितीचा अंदाज आणि लाटांचे इशारे आदल्या रात्री नक्की बघा. लांब पिरियडचा स्वेल असताना ‘समुद्र तर शांत आहे’ या समजुतीवर जाऊ नका. पंधरा मिनिटं काही नसतं आणि मग पाच-सहा लाटा ओळीने येतात.

दिवाळे_बंदर
वेळेचं कोणी बोललंच नाही. कॅलेंडरवरची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. शनिवारी षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे साडेचारला भरती आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, पावणेअकराच्या आसपास पूर्ण सुकती (ओहोटी). अर्धा तास मागेपुढे होतो, पण बेत ठरवायला चालतं. नेमक्या मिनिटासाठी तक्ता आहेच.

उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) आपल्याकडे पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, भांगाला (अष्टमीच्या आसपास) दीड-दोन. पन्नास मीटरला एक मीटर असा उतार असेल तर उधाणाला पाण्याची कड दोनशे मीटर सरकते. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं, म्हणून आता फुटणारी लाट तासाभराने भलतीकडे फुटते. पुळणीवर ठेवलेल्या पिशव्या बघत राहू नका, पाणी बघा.

पाणी उतरत असताना खाडीच्या तोंडाशी अजिबात उतरायचं नाही. दोन्हीकडे लाट फुटतेय आणि मध्ये गढूळ, फेसाळ पट्टा न फुटता बाहेर जातोय, तर तीच ओढ. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. बोर्ड धरून किनाऱ्याला समांतर सरका, पट्टा अरुंदच असतो.

नेरुळ_पूर्व
मग सकाळी साडेसात ते नऊ बरोबर ना? आणि ॲपवरचे सहा आपलेच कशावरून? वर यूटीसी असं काहीतरी लिहिलंय.

सेक्टर१७_वाशी
यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. ती असेल तर साडेपाच तास मिळवायचे, सहाचे साडेअकरा होतील. पण साडेअकराला ईशान्येचा मंद वारा एप्रिलमध्ये कुठून असणार, तोवर वारा वळून खारा (समुद्राकडून येणारा) झालेला असतो. तुमचा ताशी ७ किमीचा वारा म्हणजे पहाटेचा मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा), आणि दुपारचा २४ खारा. दोन्ही जागच्या जागी बसतात, म्हणजे वेळ आपलीच आहे. तरी सेटिंगमध्ये जाऊन खात्री करा.

साडेसात ते नऊ बरोबर. मतलई वारा लाटेला समोरून अडवतो, त्यामुळे ती उशिरा आणि स्वच्छ फुटते. दहानंतर पाणी खडबडीत होत जातं. नेरुळहून तीन तास धरून चारला निघा.

पोचल्यावर वीस मिनिटं नुसतं बघा. दूरचा खडक किंवा जाळ्याचा तरंगता फ्लोट हेरा, एक लाट त्याच्यावरून गेली की घड्याळ लावा आणि पुढच्या दहा लाटा मोजा. आलेल्या सेकंदांना दहाने भागा. १३-१५ आलं तर ॲपचा स्वेल खरोखर पोचलाय. ४-५ आलं तर समोर दिसतेय ती वाऱ्याची लाट. मग कमरेच्या आत पांढऱ्या पाण्यात बोर्डवर उठायचा सराव करा, त्याला तेवढी लाट पुरते.