गरोदरपणातली एचआयव्ही तपासणी आणि माहेरचं बाळंतपण

‘गरोदर बाईला एचआयव्ही तपासणी सांगणं म्हणजे तिच्यावर संशय घेणं’ हे वाचून राहवलं नाही. ही तपासणी हिमोग्लोबिनसारखीच सगळ्या गरोदर बायकांना सांगतात. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, गोळ्या वेळेवर सुरू झाल्या तर ५ टक्क्यांच्याही खाली येते. लागण असलेल्या गरोदर बाईला २०१४ पासून सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) न बघता कायमची एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, सुरू करतात, सरकारी केंद्रात मोफत.

मी हर्णैच्या बाजूला आशाताईंबरोबर फिरते. दुपारी घरांना कुलूप. बायका भेटतात त्या बंदरावर लिलावाला, आणि तिथे चारचौघींत हा विषय काढता येत नाही. म्हणून सकाळी, मासळी वाळत घालताना एकेकीशी बोलतो. एकीने आपलं कार्ड तांदळाच्या डब्यात तळाशी पुरलं होतं, सासूच्या हाती लागू नये म्हणून. नवरा ट्रॉलरवर, त्याची तपासणी व्हायला दोन महिने गेले.

मला खरी काळजी माहेरच्या बाळंतपणाची वाटते. ओटी भरली की बाई दुसऱ्या तालुक्यात जाते आणि तिथे गोळ्या तुटतात. निघण्याआधीच तिकडच्या केंद्राला कळवायला हवं, तिला विचारूनच. बाळाला जन्मल्याबरोबर लागण टाळणारं नेव्हिरॅपिनचं औषध आणि सहाव्या आठवड्यात तपासणी, हे चुकता कामा नये.

नाव गुप्त ठेवणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे. कुणाला विचारायचं असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन करा, पैसे पडत नाहीत.