पाचवीपासून गणवेश ज्याचा त्याने धुवावा, मुलगा असो वा मुलगी

मूळ लेखन : सहावीतल्या मुलाची आई

आमच्या सोसायटीत परवा बायकांचं बोलणं चाललं होतं. त्यातली एक म्हणाली, "लेक सातवीत गेली, आता तिचा युनिफॉर्म तीच धुते. मुलगा नववीत आहे, पण त्याचा मीच धुते, त्याला कुठे जमतंय!" हे ऐकून मला राहवलं नाही, म्हणून इथे लिहितेय. माझं मत स्पष्ट आहे. पाचवीत गेलेल्या मुलाने आपला गणवेश आपण धुवावा. मुलीला जे दहाव्या वर्षी जमतं, ते मुलालाही जमतं.

आमच्याकडे जूनपासून हे सुरू आहे. शाळेतून आला की शर्ट काढायचा, खिसे रिकामे करायचे, कॉलर आणि बाह्यांच्या कडा ओल्या करून त्यावर साबणाची वडी फिरवायची आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं. मग जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासायचं. पँट उलटी करून भिजवायची. सगळं मिळून अर्धा तास लागतो, त्यातही भिजत घालण्याचाच वेळ जास्त.

मागच्या आठवड्यात डब्यातल्या बटाट्याच्या भाजीचं तेल शर्टावर सांडलं. त्याने साबण लावला आणि पिवळा डाग लालभडक झाला. शर्ट हातात धरून धावत आला, "आई, शर्ट वाया गेला!" मी त्याला सांगितलं, हळद साबणाच्या खाराने लाल होते, घाबरू नको, भरपूर पाण्यात खळबळून काढ आणि उन्हात टाक. दोन दिवस कडक ऊन मिळालं, डाग गेला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे तो आता जन्मभर विसरणार नाही. मी धुतला असता तर त्याला कळलंही नसतं.

प्रतिसाद : दोन मुलांचा बाबा, पुणे

पटलं नाही. माझ्या मुलांची शाळा सकाळी सातची. साडेपाचला उठतात, दुपारी येऊन जेवतात, मग क्लास, मग गृहपाठ. खेळायला मिळतो तो एक तास, तोही बादलीपाशी घालवायचा? घरात मशीन आहे, सगळ्यांचे कपडे एकदम लागतात. जबाबदारी शिकवायची तर आपलं ताट उचलणं आहे, दप्तर भरणं आहे. मुलगा-मुलगी भेद करू नये हे शंभर टक्के मान्य. म्हणूनच आमच्याकडे मुलीलाही धुवायला लावत नाही.

प्रतिसाद : लातूरकर

२०१६ साली आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना विचारा, घरात दोन मुलांच्या दोन वेगळ्या बादल्या परवडतात का. आजही उन्हाळा लागला की आम्ही कपडे धुतलेलं पाणी संडासला वापरतो. दहा वर्षांचं पोर शर्टाचा फेस जाईपर्यंत पाणी ओततच राहतं. त्यात बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही म्हणून आणखी साबण, आणि तो निघत नाही म्हणून आणखी पाणी. पांढरा शर्ट तरीही करडाच पडतो. ताईंचं म्हणणं वाईट नाही, पण ज्यांच्या नळाला रोज पाणी आहे त्यांच्यासाठी आहे.

प्रतिसाद : कोकणातली आई

मी ताईंच्या बाजूची, पण पावसाळ्यात नाही. जून ते सप्टेंबर आमच्याकडे कपडा वाळणं म्हणजे परीक्षा. मुलाला पिळायला जोर नसतो. अर्धवट पिळलेला शर्ट पंख्याखाली रात्रभर टांगला तरी सकाळी दमट, आणि त्याला जो कुबट वास येतो तो घालून पोराने वर्गात बसायचं? मी धुतलेला शर्ट कोरड्या पंचात गुंडाळून पिळते. पंचा पाणी ओढून घेतो. मग इस्त्री. हे मुलावर कसं टाकणार?

प्रतिसाद : जि. प. शाळेतली शिक्षिका

तुमची सगळी चर्चा वाचली आणि माझा वर्ग डोळ्यांसमोर आला. माझ्या सहावीतल्या मुली स्वतःचा गणवेश धुतातच, धाकट्या भावाचाही धुतात. कुणाचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात. पोरींना कुणी शिकवावं लागलं नाही. शिकवायचं आहे ते भावांना, म्हणून मी मूळ लेखनाच्या ठाम बाजूने आहे.

पण एक ऐका. समग्र शिक्षा योजनेत मुलाला वर्षाला दोन गणवेश मिळतात, एकाला ३०० रुपये धरलेले. २०२४-२५ ला त्यातला एक स्काऊट-गाईडचा होता. म्हणजे रोजचा असा एकच. तो रोज ब्रशने घासला तर दिवाळीपर्यंत कॉलर विरते. रोज नुसता पाण्यातून काढा, वाळवताना उलटा करा म्हणजे रंग उडत नाही. साबण दिवसाआड. चिखल उडाला असेल तर ओला असताना चोळू नका, वाळू द्या, झटका, मग धुवा. आणि मळका गणवेश दिसला म्हणून मुलाला उभं करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनाही हात जोडून सांगणं आहे, आधी विचारा, घरी पाणी होतं का.

मूळ लेखिका

बाई, रोज ब्रश नको हे मान्य. आजच त्याला सांगते. लातूरच्या दादांचं पाण्याचं म्हणणंही खरं आहे. मग सगळ्यांचं एकत्र भिजवा, पण हात त्यात मुलाचेही असू देत. कोकणातल्या ताई, पंचा मुलाच्या हातात द्या, एक टोक तुम्ही धरा, एक त्याने. पुण्याचे बाबा, मशीनला माझी ना नाही. पण त्यात कपडे टाकण्याआधी खिसे कोण तपासतं आणि बाहेर काढून झटकून वाळत कोण घालतं? बहुतेक घरांत ती आईच असते, आणि माझं भांडण तेवढ्यापुरतंच आहे.

दोन मुलांचा बाबा, पुणे

वाळत मीच घालतो. मत अजून तेच आहे, खेळाचा तास मी देणार नाही. पण खिशांवरून आठवलं, काल धाकट्याचं बॉलपेन खिशात फुटलं. पांढऱ्या शर्टावर रुपयाएवढा निळा डाग. काय करू?

जि. प. शाळेतली शिक्षिका

पाणी लावू नका. डागाखाली जुनं फडकं घडी करून ठेवा, कापसाच्या बोळ्याने वरून स्पिरिट किंवा सॅनिटायझर टिपत राहा. चोळलं तर पसरेल. शाई खालच्या फडक्यात उतरते, तसं फडकं सरकवत राहा. पूर्ण उतरली की मगच साबण. आणि धाकट्याला शेजारी बसवा.