गाठ काढायची की पूर्ण स्तन? सोमवारी सांगायचंय

विठाई_४६:
नमस्कार, इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच. वय ४६, पंढरपूरजवळ राहते, झेडपीच्या शाळेत शिकवते. दिवाळीच्या आधी अंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली, दुखत नव्हती म्हणून दोन महिने तशीच अंगावर काढली (रागावू नका, माझं मला भरपूर रागावून झालंय). सोलापूरला मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी सगळं झालं, कॅन्सर निघाला. गाठ २.४ सेंमी, काखेत सोनोग्राफीत तरी काही दिसत नाहीये, ईआर पीआर पॉझिटिव्ह, हर टू निगेटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा, हर टू हे प्रथिन जास्त नसलेला). सर्जन म्हणाले तुमच्यात दोन्ही होऊ शकतं, नुसती गाठ काढून नंतर शेक (रेडिएशन) नाहीतर पूर्ण स्तन काढणं, घरी बोला आणि सोमवारी येऊन सांगा.

घरी बोला म्हणे. सासूबाईंचं चाललंय मुळापासून काढून टाक, या वयात ठेवून काय करायचंय. जाऊबाईंच्या माहेरी कुणाचं तरी असंच अर्धवट ऑपरेशन केलेलं आणि तीन वर्षांत परत आलं, ते रोज एकदा ऐकवतात. हे काहीच बोलत नाहीत, विचारलं की "तुला पटेल ते कर" आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहतात. खरं सांगू का, मला ठेवायचाय. पण बोलायची लाज वाटते, जिवावर बेतलंय आणि हिला रूपाचं पडलंय असंच म्हणतील ना. त्यात मुलगी बारावीला, फेब्रुवारीत परीक्षा, रोज शेकाला जायचं कसं हा वेगळाच प्रश्न. ठेवला तर परत यायचा धोका खरंच जास्त असतो का? आणि सोमवारी नाही सांगता आलं तर उशीर होईल का?

नाशिकची_मावशी:
लाज कसली गं त्यात, तुझंच अंग आहे ना. माझं २०१९ ला झालं, नुसती गाठ काढली. खरं ते सगळंच सांगते, पहिल्या ऑपरेशनच्या रिपोर्टात काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी सापडल्या म्हणून तीन आठवड्यांनी परत टेबलावर जावं लागलं आणि तेव्हा मी खूप रडले, वाटलं पूर्णच काढलं असतं तर सुटले असते. असं होऊ शकतं हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून तुला सांगतेय. काखेतली पहिली गाठ (लसिकाग्रंथी, कॅन्सर पसरला तर आधी जिथे जातो ती) शोधायला निळा रंग टोचतात, दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट निळी झाली तर घाबरू नकोस, मी नर्सला ओरडून बोलावलं होतं 😀 शेक १५ दिवसांचा, शनिवार रविवार सुट्टी, म्हणजे तीन आठवडे. कातडी काळवंडली आणि दुपारी झोप आवरायची नाही, बाकी घरचा स्वयंपाक मीच करत होते.

रात्रपाळी_सर्जरी:
सर्जरीचा रेसिडेंट आहे, तुमचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत हे धरूनच वाचा.

आधी तो "अर्धवट ऑपरेशन" शब्द घरातून हद्दपार करा. गाठ आणि शेक मिळून एक पूर्ण उपचार आहे. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ मध्ये हीच तुलना सुरू केली, तिकडे इटलीत व्हेरोनेसी यांनी, दोघांचे २० वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले आणि दोन्हीकडे जगण्या-वाचण्यात फरक निघाला नाही. फिशर यांच्या अभ्यासात त्याच स्तनात परत यायचं प्रमाण मात्र बघण्यासारखं आहे, नुसती गाठ काढून शेक न घेतलेल्यांत सुमारे ३९ टक्के, शेक घेतलेल्यांत १४. हे त्या काळच्या औषधांवरचे आकडे, आता त्याहून बरेच कमी असतात. जाऊबाईंच्या नातेवाईकांनी शेक पुरा केला होता का ते विचारून बघा एकदा.

दुसरं म्हणजे पूर्ण काढलं की शेक टळला असं पक्कं समजू नका, काखेतल्या गाठींत कॅन्सर निघाला तर तरीही लागू शकतो. केमो द्यायची का ते ऑपरेशन कुठलं केलं यावर ठरत नाही. विचारायचं हे की गाठ एकच आहे की आणखी कुठे संशय आहे, काखेत आधी निळ्या रंगाची तपासणी करणार की सगळ्याच गाठी काढणार, आणि डावी बाजू आहे तर श्वास रोखून शेक द्यायची सोय आहे का, त्याने हृदय वाचतं. आई, मावशी, आत्या, कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा होता का? असेल तर जीन टेस्टबद्दल आधी बोला, त्याने निर्णय बदलू शकतो. आठवडा दोन आठवडे विचारात गेले तर काही बिघडत नाही, पण दोन महिने आधीच गेलेत, आता त्याहून लांबवू नका.

कोल्हापूरची_थोरली:
मी पूर्ण काढलं आणि मला पश्चात्ताप नाही, ही बाजू पण कुणीतरी सांगायला पाहिजे. माझ्यात दोन ठिकाणी गाठी होत्या म्हणून डॉक्टर तिकडंच झुकलेले, शिवाय दरवर्षी त्याच बाजूचं मॅमो करून रिपोर्टाची वाट बघत बसणं मला झेपलं नसतं, मी तशीच आहे, रेसिडेंट साहेबांचे आकडे बरोबरच असतील पण रात्री दोन वाजता मला ते कामाला आले नसते. नळीची पिशवी दहा दिवस होती, गाऊनच्या आत अडकवून फिरायचे, ह्यांचे बटणाचे शर्ट वापरले कारण हात वर जात नाही. पहिल्यांदा आरशात बघायला मला महिना लागला. आता ब्लाउजात सुती भरलेला पॅड शिवून घेतलाय, लग्नाकार्यात कुणाला कळत पण नाही. पण मी ठरवलं ते मी ठरवलं, सासूनं नाही. तुला ठेवायचा आहे हे तू पहिल्याच निरोपात लिहिलंयस की बाई.

ओट्यावरचा:
मी नवरा आहे, बायकोचं २०२१ ला झालं. मीही असाच बाहेर उभा राहायचो. ते टाळत नसतात हो, चुकीचं बोललो आणि उद्या काही झालं तर, ही भीती असते. त्यांना डॉक्टरच्या केबिनमध्ये आत घेऊन जा आणि एक प्रश्न त्यांना विचारायला लावा, मला तसंच केलं होतं तिने. आणि शेकासाठी पुणे मुंबई गाठायच्या आधी बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलला चौकशी करा, तुम्हाला ते त्यामानाने जवळ. महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंत बसतं, रेशनकार्ड आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) भेटा, पण ऑपरेशनच्या आधी, मंजुरी आधीच लागते.

विठाई_४६:
सगळ्यांना कसं उत्तर देऊ कळत नाहीये. सोमवारचं गुरुवारवर ढकललं, डॉक्टर काही बोलले नाहीत. ह्यांना आत नेलं, ह्यांनी विचारलं की कडेला पेशी निघाल्या तर काय, ते मावशींचं मीच वाचून दाखवलं होतं. गाठच काढायची ठरलंय. जाऊबाईंनी माहेरी फोन लावला, त्या बाईंनी शेक चार दिवसांत सोडला होता म्हणे, गाडीभाड्यामुळे. आता एकच, मी डावखुरी आहे, आणि गाठही डावीकडेच. फळ्यावर लिहिता येईल ना परत?

रात्रपाळी_सर्जरी:
येईल. ऑपरेशननंतर भिंतीवर बोटं हळूहळू वर चढवत न्यायचा व्यायाम देतात, तो चुकवू नका. बीपी आणि सुई शक्यतो उजव्या हाताला सांगा, आणि सुरुवातीचे काही आठवडे वह्यांचे गठ्ठे मुलांना उचलायला लावा.