सॉफ्टवेअरमधील कोणत्या क्रिया एपीआयमधून खुल्या कराव्यात?

प्रश्न

आम्ही हिशेब ठेवण्याचे एक सॉफ्टवेअर तयार केले आहे. आजवर त्यातील सर्व कामे पडद्यावरूनच होत. आता ग्राहकांना ती आपापल्या प्रोग्रॅममधून, म्हणजे एपीआयमधून (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला काम सांगण्याच्या ठरावीक वाटेने), करून घ्यायची आहेत. आमच्यात दोन तट पडले आहेत. काहींच्या मते जे पडद्यावर करता येते ते एपीआयमधूनही करता आलेच पाहिजे, अन्यथा ग्राहक आमची पाने वाचून बटणे दाबणारे प्रोग्रॅम लिहितील आणि आम्ही एखादे बटण हलवले की ते कोसळतील. इतरांच्या मते नोंदी वाचणे आणि नवी नोंद करणे एवढेच खुले असावे. वर्ष बंद करणे, नोंदी एकगठ्ठा पुसणे, वापरकर्त्यांचे अधिकार बदलणे ही कामे माणसाच्याच हाती राहावीत. मला हे दुसरे मत सुरक्षित वाटते; परंतु अनेक शाखा असलेल्या ग्राहकाने प्रत्येक शाखेची वर्षअखेर हातानेच का करावी, याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

उत्तर १

थोडक्यापासून सुरुवात करा. बंद ठेवलेली क्रिया पुढे केव्हाही खुली करता येते. खुली केलेली मात्र सहजी परत घेता येत नाही. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील ‘सन.मिस्क.अनसेफ’ हा वर्ग (कोडचा एक घटक) केवळ अंतर्गत वापरासाठी होता. तरीही वेगाच्या मोहाने कित्येक लायब्ररी (इतरांनी वापरण्याचे तयार कोडसंच) त्याच्यावर उभ्या राहिल्या आणि २०१७ साली, नवव्या आवृत्तीत, अंतर्गत भाग मॉड्यूलच्या (कोडच्या स्वतंत्र कप्प्यांच्या) भिंतीआड गेले तेव्हाही तो वर्ग उपलब्ध ठेवणे भाग पडले. शिवाय लोक केवळ दस्तऐवजात लिहिलेल्या गोष्टींवरच विसंबत नाहीत; उत्तरातील नोंदींचा क्रम किंवा त्रुटिसंदेशातील शब्द यांवरही कोणी ना कोणी विसंबलेले असते. हायरम राइट या सॉफ्टवेअर अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो.

उत्तर २

वरील सावधगिरी मान्य आहे, पण क्रिया किती खुल्या करायच्या यापेक्षा त्या कोणत्या पातळीवर खुल्या करायच्या, हा खरा प्रश्न आहे. ‘वर्ष बंद करणे’ तुम्ही दिले नाही, तर ग्राहक शिल्लक वाचून, पुढच्या वर्षाच्या आरंभीच्या नोंदी स्वतः करून तेच काम जुळवतील आणि मध्येच जोडणी तुटली की निम्मे वर्ष बंद, निम्मे उघडे, अशी अवस्था होईल. त्यापेक्षा ती एकच अखंड क्रिया म्हणून द्या. सर्व पडताळण्या सर्व्हरच्या आत होऊ द्या, आणि काम पूर्ण झाले तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही, अशी हमी द्या. जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे ते मॉड्यूलच्या आत झाकावेत, हे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ सालीच मांडले होते. तुमचे डेटाबेसमधील तक्ते हा असा निर्णय आहे. वर्ष बंद करणे हा नाही, कारण ते ग्राहकाचेच काम आहे.

नोंदी पुसण्याबाबत तर हिशेबाच्या शास्त्रानेच उत्तर देऊन ठेवले आहे. चुकलेली नोंद खोडायची नसते, तिचा परिणाम रद्द करणारी उलटी नोंद करायची असते. (मुळात तुमच्या पडद्यावर एकगठ्ठा पुसण्याची सोय का आहे, हे मला कळले नाही.)

उत्तर ३

माणसाला आपण तीच गोष्ट दुसऱ्यांदा करत आहोत हे बहुधा जाणवते, आवर्तनात फिरणाऱ्या प्रोग्रॅमला जाणवत नाही. माझ्याच एका प्रोग्रॅमने उत्तर वेळेत आले नाही म्हणून विनंती पुन्हा पाठवली आणि एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी झाल्या. पहिली विनंती पोहोचली होती, हरवले होते ते उत्तर. एचटीटीपीच्या, म्हणजे वेबवरील देवाणघेवाणीच्या, मानकात पुट (ठेवणे) आणि डिलीट (पुसणे) या विनंत्या पुन्हा केल्या तरी अपेक्षित परिणाम तोच राहिला पाहिजे, असा दंडक आहे. नवी नोंद करताना सहसा वापरल्या जाणाऱ्या पोस्ट या विनंतीला तो नाही. म्हणून नवी नोंद करणाऱ्या प्रत्येक विनंतीसोबत ग्राहकाकडून एक अनन्य क्रमांक घ्या आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास जुनेच उत्तर परत द्या. म्हणजे तुम्हाला निरुपद्रवी वाटणारी ‘नवी नोंद’सुद्धा वाटते तितकी सुरक्षित नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. वर्ष बंद करणे आम्ही एकच क्रिया म्हणून देऊ आणि तिच्यासाठी किल्लीला (ग्राहकाच्या प्रोग्रॅमची ओळख पटवणाऱ्या गुप्त संकेताला) वेगळी परवानगी लागेल. नवी किल्ली केवळ वाचण्यापुरती असेल. एकगठ्ठा पुसणे आता पडद्यावरूनही काढण्याचा विचार आहे. अधिकार बदलणेही असेच वेगळ्या परवानगीने द्यावे का?

उत्तर २

सध्या देऊ नये. जी किल्ली अधिकार बदलू शकते ती स्वतःलाही वाढीव अधिकार देऊ शकते, आणि मग इतर किल्ल्यांवर घातलेल्या मर्यादांना काही अर्थ उरत नाही. पुढे कोणी खरोखरच मागितले, तर आपल्यापाशी असलेल्या अधिकारांपेक्षा अधिक अधिकार कोणतीही किल्ली कोणालाही देऊ शकणार नाही, ही तपासणी आधी लिहा.