होन्जिन : वाडा, सराई की गोट?

दिवेलागण: सेइशी योकोमिझोची जपानी रहस्यकादंबरी 'द होन्जिन मर्डर्स' वाचतोय, लुईझ हील कवाईंचं २०१९चं इंग्रजी भाषांतर. रोज रात्री आईला थोडी थोडी मराठीत सांगतो आणि अडलोय नावावरच. होन्जिन म्हणजे जपानच्या एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) हमरस्त्यावरच्या टप्प्याच्या गावातलं ते घर, जिथे फक्त दाइम्यो, म्हणजे मोठे सरदार, आणि तसेच बडे लोक उतरायचे. गोष्ट १९३७ची, तोवर सरदार गेले, लवाजमे गेले, पण इचियानागी घराण्याचा 'आम्ही होन्जिनवाले' हा ताठा तसाच. मी 'सराई' म्हटलं तर आई म्हणे सराईवाल्यांना कसला आलाय एवढा ताठा! मग काय म्हणू?

खडीसाखर: वाडा म्हणा की. घरंदाजपणा, मालकाचं बिऱ्हाड, सगळं येतं त्यात.

पारंबी: पण उतरण्याचं काय? दाइम्योंना साधारण एक वर्ष एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, आणि एक वर्ष आपल्या मुलखात राहावं लागायचं, त्यामुळे शेकडो माणसांचा लवाजमा सतत रस्त्यावर. शिगा प्रांतातल्या कुसात्सूचं होन्जिन अजून उभं आहे, कोण उतरलंय त्याच्या नावाची लाकडी पाटी बाहेर लावत, त्या पाट्या जपल्यात तिथे. वाड्यात हे कुठे येतं? साध्या वाटसरूंची सोय वेगळी, तिला हातागो म्हणत, सराई हा शब्द तिथे शोभेल.

मोडी_लिपी: शब्दच फोडून बघा ना. होन म्हणजे मुख्य, जिन म्हणजे लष्कराचा तळ. मूळ अर्थ सेनापतीचा तळ, सरदारांच्या उताराच्या घराला हे नाव नंतर आलं. आपल्याकडे यासाठी अस्सल शब्द पडून आहे : गोट. साताऱ्यात पंतांचा गोट आहेच. आणि सराई तशीही फारसी, नकोच.

खडीसाखर: फारसी म्हणून नको? मग मुक्काम अरबी आहे, तोही हलवा उद्यापासून. आणि 'गोटातले खून' म्हटलं तर लोकांना पक्षाच्या बैठकीत कुणी कुणाला मारलं असं वाटेल.

मोडी_लिपी: लोक विसरले म्हणून शब्द टाकून द्यायचा का? वापरला तरच परत येईल.

रातकिडा: होन्जिनच ठेवा, इंग्रजीतही ठेवलंय. दोन ओळीत समजावलं की झालं. मजा त्या बर्फात आहे, चहूकडे बर्फ, पावलाचा एक ठसा नाही, कटाना, म्हणजे जपानी तलवार, बागेत रोवलेली आणि रात्री कोतो या तंतुवाद्याचा आवाज. तिथे वाचक 'होन्जिन म्हणजे काय' विचारत बसत नाही.

पारंबी: इंग्रजीकडे वाडा नाही, गोट नाही, म्हणून त्यांनी ठेवलं. आपल्याकडे असताना आपण का ठेवायचं? कोतोची सतार करू नका एवढंच.

निळी_शाई: मधेच विचारते, लग्नसराईतली सराई हीच का? वऱ्हाड सराईत उतरायचं म्हणून? खून लग्नाच्या रात्रीच होतो म्हणून डोक्यात आलं.

खडीसाखर: नाही हो, ती सराई म्हणजे हंगाम. आंब्याचीही सराई असते.

निळी_शाई: वऱ्हाड उतरतं त्याला आमच्या अमरावतीकडे जानोसा म्हणतात. मानाच्या पाहुण्यांसाठी राखलेली जागा, बाकी कुणी पाय ठेवायचा नाही. होन्जिनच्या जवळचा हाच वाटतो मला.

मोडी_लिपी: जानोसा हिंदीतून आलाय, जनवासा.

निळी_शाई: आमच्या आजीला हिंदीचं अक्षर येत नव्हतं आणि ती जानोसाच म्हणायची. गुजरातीत वरातीला जान म्हणतात, जान अधिक वास असं असेल तर तो हिंदीचा एकटीचा कसा?

पारंबी: आमच्याकडे जानवसघर म्हणतात. शाळेच्या वर्गात बाकं बाजूला सारून गाद्या घालायच्या, दारात बादलीभर गरम पाणी, आणि चहा उशिरा आला की वरमाय रुसलीच. पण ते दोन दिवसांपुरतं, होन्जिन पिढ्यान्पिढ्यांचं.

रातकिडा: मराठवाड्यात काय म्हणतात कुणी सांगेल का? आमच्याकडे हॉल आल्यापासून सगळे नुसतं 'रूमवर' म्हणतात.