जुन्या हायलक्समध्ये मोठं इंजिन: कोणतं बसवावं?

चिखलवाट
माझ्याकडे १९८४ ची टोयोटा हायलक्स पिकअप आहे. फोर बाय फोर, पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांमध्ये एकसंध दांडा). इंजिन मूळचंच: २२आर, २.४ लिटर, कार्ब्युरेटरवालं. चासी ठणठणीत. टायर ३३ इंची टाकलेत. सपाटीला गाडी बरी चालते, पण चढ लागला की चौथा, मग तिसरा, मग मागच्या गाड्यांचे हॉर्न. मोठं इंजिन टाकायचं डोक्यात आहे.

बजेट आधीच सांगतो, नंतर वाद नको: गाडी जेवढ्याला पडली त्याच्या निम्म्यात सगळं बसलं पाहिजे. वेल्डिंग मला येतं, वायरिंग येत नाही. गाडी रोज लागते, त्यामुळे महिनोन् महिने ठोकळ्यांवर उभी करणं जमणार नाही. कुणी केलंय का हे काम? काय टाकलंत?

खडखड
५व्हीझेड. ३.४ लिटर व्ही६. धागा बंद करा. तुमचं २२आर शंभराच्या आतबाहेर हॉर्सपॉवर देतं, हे १८० च्या पुढे देतं. टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. माझ्या गाडीत हेच आहे आणि मी आता चढावर लोकांना मागे टाकतो. बजेटचं म्हणाल तर ते होतं हो वरखाली, एकदाच करायचं काम आहे.

सायलेन्सरकाढा
एवढा घाट घालायचाच तर व्ही६ वर का थांबता? शेवरोलेचं ३५० टाका. ५.७ लिटर. सुटे भाग मुबलक, गिअरबॉक्सला जोडायच्या अडाप्टर प्लेट तयार मिळतात, आणि कार्ब्युरेटरवालं घेतलंत तर वायरिंगची कटकटच नाही. वायरिंग येत नाही म्हणालात ना? मग झालं.

खडखड
@सायलेन्सरकाढा, लोखंडी ३५० अडीचशे किलोच्या आसपास भरतं. पुढचे पाटे सपाट होतील. आणि त्या टॉर्कला मूळचा गिअरबॉक्स किती दिवस टिकणार?

सायलेन्सरकाढा
माझा टिकलाय.

खडखड
तुम्ही गाडी चिखलात घालत नाही, धुऊन पुसून उभी करता. फोटो बघितलेत मी.

गिअरगणित
भांडण चालू द्या, तोवर धागाकर्त्याला एक विचारतो: क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली गिअरची शेवटची जोडी) कुठलं आहे? मूळ ४.१० असेल, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.१० फेऱ्या, तर तुमचं दुखणं इंजिनाचं नाहीच.

हिशेब करून बघा. मूळ टायर साधारण साडेअठ्ठावीस इंची. ३३ भागिले २८.५ म्हणजे १.१६. एवढ्या पटीने चाक मोठं झालं, म्हणजे तुमचा ४.१० चा रेशो प्रत्यक्षात ३.५४ सारखा वागतोय. पाचवा गिअर कधी लागतो का सांगा. नसेलच लागत. मूळची ओढ परत हवी तर रेशो ४.७५ च्या आसपास पाहिजे, बाजारात मिळणारा जवळचा आकडा ४.८८. त्यात बऱ्यापैकी बोजा वाहत असाल किंवा डोंगरातच राहत असाल तर ५.२९.

आणि हो, स्पीडोमीटर ६० दाखवत असेल तेव्हा तुम्ही ७० च्या जवळ असता. चढावर वाटतं तेवढी हळू गाडी नसेलही.

खडखड
गिअर बदलून हॉर्सपॉवर वाढत नाही.

गिअरगणित
नाही वाढत. पण २२आरची ताकद ज्या फेऱ्यांवर आहे तिथे इंजिन पोचतं तरी. सध्या ते प्रत्येक चढावर त्याच्या खालीच घुटमळतंय.

काळाधूर
पेट्रोलवाल्यांनो, टॉर्क हवा तर डिझेल. कमिन्सचं ४बीटी, ३.९ लिटर, चार सिलिंडर, पूर्ण यांत्रिक पंप. संगणक नाही, इमोबिलायझर (किल्लीतलं चोरीविरोधी कुलूप) नाही, वायरिंग म्हणजे बंद करायच्या सोलेनॉइडला एक वायर. स्टार्टर गेला तर उतारावरून ढकला आणि चला.

जुनाजाणता
@काळाधूर, नाकापेक्षा मोती जड! ते इंजिन सव्वातीनशे किलोच्या वर आहे. शिवाय थरथर इतकी की आरशात मागचं काही दिसत नाही. अडीच-पावणेतीन हजार फेऱ्यांवर त्याचा दम संपतो, म्हणजे वर गिअरगणितांनी सुचवलेलं ४.८८ घातलंत तर हमरस्त्यावर जीव मुठीत धरून चालवाल. डिझेलला उलट उंच रेशो, म्हणजे लहान आकडा, लागतो. दोन सल्ले एकत्र घेऊ नका, एवढंच सांगतो.

आणि २२आरला इतकं हिणवू नका. हे इंजिन मरत नाही. फक्त टायमिंग चेनचे प्लास्टिकचे गाइड झिजून तुटतात. मग चेन कव्हरला आतून घासत राहते, भोक पाडते, आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. थंड इंजिन चालू केल्यावर पुढून खर्रर्र आवाज आला तर तिकडे बघा. नवीन बसवताना लोखंडी पाठीचे गाइड घाला.

काळाधूर
आरशात न बघता चालवतो मी. पुढे बघायचं असतं.

रेडिएटरफुटला
माझी हकीकत ऐका, मग ठरवा. व्ही६ बसवायला एका गॅरेजला दिलं. त्यांनी इंजिनाचं फाउंडेशन चासीला नुसतं टाके मारल्यासारखं वेल्ड केलं, आतून गसेट (आधाराची तिकोनी पट्टी) नाही, काही नाही. पहिल्या मोठ्या खड्ड्यात एका बाजूचं सुटलं, इंजिन पुढे झुकलं आणि पंख्याने रेडिएटर कापला. टोइंग मागवून घरी आलो. पैसे परत तर सोडाच, "तुम्ही गाडी जोरात चालवली" असं ऐकून घेतलं. म्हणून सांगतो, पंखा आणि रेडिएटर यांच्यात बोटं आरामात जातील एवढी जागा ठेवा, नाहीतर इलेक्ट्रिक पंखा लावा.

अवांतर: तेच गॅरेज अजून जोरात चालू आहे.

वायरतोड
इंजिनाच्या नावावर सगळे भांडताहेत. पण अशा कामात इंजिन उचलून बसवणं हा सोपा भाग आहे. रखडायला होतं ते बाकीच्यात.

इंजेक्शनवालं काही घेणार असाल तर सुटं इंजिन घेऊ नका. अपघातात गेलेली अख्खी गाडी घ्या. इंजिन, गिअरबॉक्स, ईसीयू (इंजिनाचा संगणक), पूर्ण हार्नेस (वायरांचा जुडगा), ॲक्सिलरेटर, सेन्सर, किल्ली आणि तिचं इमोबिलायझर, सगळं एकाच गाडीतलं पाहिजे. हार्नेसचे कनेक्टर कापलेले असतील तर तो सौदा सोडून द्या, कितीही स्वस्त असला तरी.

तुमचा पेट्रोल पंप इंजिनावरचा, यांत्रिक, तीन-चार पीएसआय दाब देणारा. इंजेक्शनला चाळीसच्या वर लागतं. म्हणजे टाकीत नाहीतर टाकीजवळ नवा पंप, जास्त दाबाची नळी आणि परतीची लाइन. हे कुणी खर्चात धरत नाही. त्याशिवाय क्लच, प्रोपेलर शाफ्टची लांबी, एक्झॉस्ट, होज... मोजत बसलात तर इंजिनाचा आकडा यादीत मधेच कुठेतरी येतो. नोंदणीच्या कागदावर इंजिन नंबर बदलणं आणि विमा कंपनीला कळवणं वेगळंच. तुमच्याकडचे नियम आधी विचारा, इंजिन बसल्यावर नको.

सायलेन्सरकाढा
म्हणूनच कार्ब्युरेटरवालं ३५०. ह्यातलं निम्मं गळून पडतं. फार जड वाटत असेल तर ४.३ व्ही६ घ्या, ते ३५० मधले दोन सिलिंडर काढून केलेलंच इंजिन आहे, बेल हाउसिंगही (इंजिन-गिअरबॉक्समधलं कवच) तेच बसतं.

नवखा४बाय४
रुमाल टाकून ठेवतोय. माझ्याकडेही अशीच गाडी आहे. ३.४ कसं वाटतं? लेक्ससचं १यूझेड व्ही८ कुणी टाकलंय का? ॲल्युमिनियमचं असल्याने हलकं असतं ना?

खडखड
३.४ बद्दल वर लिहिलंय, वाचा की.

जुनाजाणता
१यूझेड छान इंजिन. घ्यायचं असेल तर सुरुवातीच्या वर्षांतलं, व्हीव्हीटी-आय (व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) नसलेलं बघा. नंतरच्यात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. पण बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससकट येतं, फोर बाय फोरला जोडायला अडाप्टर लागतो, आणि तिथून पुढे बजेट हा शब्द उच्चारायचा नाही.

बर्फील्ड
कुणीच पुढच्या ॲक्सलबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. ३३ चे टायर, लो रेंज आणि दुप्पट टॉर्क म्हटलं की पुढच्या चाकांचे बर्फील्ड जॉइंट (वळत्या चाकाला ताकद पोचवणारे सांधे) आधी जातात. स्टेअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबला की कडाड. इंजिन कोणतंही घ्या, मजबूत जॉइंटचा एक जोड जवळ असू द्या. ब्रेकही तेच जुने आहेत ना? पुढे डिस्क, मागे ड्रम? ताकद वाढवायच्या आधी थांबण्याचं बघा, बूस्टर मोठा घाला.

खडकावर सावकाश चढायचं असेल तर इंजिनाला हातही लावू नका. मूळ ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचं) लो रेंज २.२८ आहे. ४.७० चे गिअर मिळतात. नाहीतर दोन ट्रान्सफर केस एकामागे एक लावा, दोन्ही लो मध्ये टाकल्या की ५.२ होतं. २२आर भिंतीवर चढेल.

गिअरगणित
+१. पण त्यांना खडक नाही, रस्त्यावरचा चढ चढायचाय. म्हणून पुन्हा तेच: ४.८८. आणि पुढचं-मागचं दोन्ही डिफरन्शियल बदलायचं, एकच बदलून फोर बाय फोर लावलंत तर ट्रान्सफर केसचा भुगा होईल. त्याआधी कॉम्प्रेशन तपासा, फुकटात होतं. एखादा सिलिंडर खाली असेल तर ही सगळी चर्चाच फोल.

चिखलवाट
सगळ्यांचे आभार. कॉम्प्रेशन तपासलं, चारही सिलिंडर जवळपास सारखे आहेत. क्राउन-पिनियन ४.१० च निघालं. पाचवा गिअर उतारावर लागतो :)

तर निर्णय झाला. ओळखीतल्या एकाची १९९१ ची व्ही६ पिकअप मागून ठोकलेली उभी होती. इंजिन चालू, हार्नेस अख्खा, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, किल्ली, कागद, सगळं बजेटच्या पुष्कळ आत मिळालं. ३.० लिटर, ३व्हीझेड. काल ओढून आणली.

खडखड
तीन लिटर?? सगळी इंजिनं सोडून तेच? त्याच्या हेड गॅस्केटची कीर्ती ऐकली नाही का?

जुनाजाणता
पालथ्या घड्यावर पाणी. एक्झॉस्टची आडवी नळी इंजिनाच्या मागून, सहाव्या सिलिंडरजवळून जाते. तिथेच तापतं, गॅस्केटही तिथे जातं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हही तिथला जळतो.

चिखलवाट
ऐकली आहे. हेड उतरवूनच बसवणार, गॅस्केट आणि व्हॉल्व्हचं काम बाहेर असतानाच करून घेतो. घेण्याचं कारण वेगळं आहे: याच्या मागचा आर१५०एफ गिअरबॉक्स ३.४ ला जसाच्या तसा बसतो. म्हणजे फाउंडेशन, शाफ्ट, पंप, एक्झॉस्ट ही कामं आत्ता एकदा करतो. हे इंजिन निकामी झालंच कधी, तर ३.४ शोधीन. तोवर गाडी चालत राहील.

वायरतोड
निदान अख्खी गाडी घेतलीत हे बरं केलंत. हार्नेसच्या प्रत्येक कनेक्टरला कापण्या-सोडवण्याआधी चिकटपट्टी लावून नाव लिहा. डॅशच्या मागच्याही.

बर्फील्ड
त्या व्ही६ च्या मागची ट्रान्सफर केस साखळीवाली असते. तुमची जुनी गिअरवाली भंगारात देऊ नका, पुढे दोन जोडायच्या झाल्या तर तीच लागेल. चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) आणि पुढचं डिफरन्शियल यांच्यातलं अंतर सस्पेन्शन पूर्ण दाबून बघा, गाडी ठोकळ्यांवर असताना सगळं छान मोकळं दिसतं.

गिअरगणित
आणि ४.८८?

चिखलवाट
पुढच्या वर्षी.

सायलेन्सरकाढा
एवढ्या वेळात ३५० बसवून झालं असतं.

नवखा४बाय४
ते जुनं २२आर विकणार आहात का? चेनचा आवाज येत नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.